बोअरचं पाणी प्यायचं की नाही? आधी बोअरचा शेजार तपासा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिना उजाडला की पाण्याची मीटिंग ठरलेली. टँकरची बिलं, कुणाच्या मजल्यावर पाणी चढत नाही, कोण रोज पाइप लावून गाडी धुतो, हे सगळं झालं की विषय बोअरवर येतो. एका वर्षी कमिटीतल्या एकाने खिशातून पेनाएवढा टीडीएस मीटर काढला, बोअरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि आकडा सगळ्यांना फिरवून दाखवला. ३१०. "पाचशेच्या आत आहे, बिनधास्त प्या." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बोअरची लाइन पिण्याच्या अंडरग्राउंड टाकीत सोडायचा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

जुलैत दोन विंगांतली सात-आठ मुलं जुलाबाने आडवी झाली. बोअरमुळेच झाली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात पोट बिघडायला पाणीपुरीची एक प्लेटही पुरते. पण नमुना तपासायला दिला आणि रिपोर्टात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, आले. मीटरचा आकडा त्या दिवशी ३०५ होता, म्हणजे मेपेक्षाही 'चांगला'.

तेव्हापासून सोसायटीतलं पाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं आहे. बोअर, गावठाणातली जुनी विहीर किंवा दारात आलेला टँकर, यांचं पाणी पिण्याजोगं आहे का हे कसं ठरवायचं, ते मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने लिहितो. बहुतेक जण थेट प्रयोगशाळेत जातात. मी तिकडे सर्वात शेवटी जातो, कारण काय तपासून घ्यायचं हे आधी कळलं नाही तर रिपोर्ट नुसता कागद राहतो.

मीटरला काय दिसतं आणि काय दिसत नाही

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्याचं काम तेवढंच. जंतू, कीटकनाशक, पेट्रोल, शिसं यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

एक हिशोब करून पाहा. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर सांडपाणी पडलं असं समजा. तेवढ्या सांडपाण्यात ई-कोलाय जंतू साधारण दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असतात. टँकरभर पसरले तरी दर लिटरला १०० ते १,००० उरतात. पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. आणि टीडीएस? तो लिटरला एका मिलिग्रॅमचा हजारावा-शंभरावा भाग हलेल, मीटरचा शेवटचा आकडाही बदलणार नाही.

मग मीटर फेकून द्यायचा का? अजिबात नाही. मीटरचा खरा उपयोग बदल पकडायला होतो. एकाच बोअरचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवा. ३०० वरून हळूहळू ६०० कडे निघाला तर खाडी किंवा दुसरं काहीतरी आत शिरतंय. पावसात अचानक निम्मा झाला तर वरचं पाणी न गाळता थेट बोअरमध्ये उतरतंय, आणि ही बातमी चांगली नाही.

बोअरभोवती एक चक्कर

पहिली पायरी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त तीच सांगते. प्लंबरला आणि सोसायटीत सगळ्यात जुन्या वॉचमनला सोबत घ्या आणि बोअरभोवती फिरा. सोबत टेप घ्या. सेप्टिक टँक, ड्रेनेजचं चेंबर, गटार, कचऱ्याची जागा, गोठा, गाड्या धुवायची जागा, जनरेटरच्या डिझेलचे कॅन, यातलं काय किती अंतरावर आहे ते मोजून कागदावर काढा. विहीर आणि घाणीची जागा यांत किमान १५ मीटर अंतर हवं, असा सार्वजनिक आरोग्याचा जुना नियम आहे.

मात्र आपल्याकडे त्या १५ मीटरवर फार विसंबू नका. तो नियम मातीचा विचार करून आलेला आहे. माती आणि वाळू पाणी गाळतात. ठाणे-नवी मुंबईच्या पोटात आहे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. वर थोडा मुरूम, खाली कठीण खडक, आणि पाणी असतं ते खडकाच्या भेगांमध्ये. भेग म्हणजे गाळणी नव्हे, भेग म्हणजे पाइप. एखादी भेग चेंबरखालून निघून थेट बोअरला मिळत असेल तर ४० मीटरवरची घाणही एका पावसात पोचते. त्यामुळे अंतरासोबत उतार पाहा. घाण बोअरच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? आणि पाऊस पडताना एकदा छत्री घेऊन खाली जा, पाणी कुठून कुठे वाहतं ते डोळ्यांनी बघा.

मग बोअरचं तोंड. केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला आधाराचा पाइप, जमिनीच्या वर किमान फूटभर आलेला हवा, त्याला घट्ट झाकण हवं, भोवती बाहेर उतार दिलेला सिमेंटचा ओटा हवा, आणि केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बुजवलेली हवी. आमची चूक नेमकी इथेच होती. दोन वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा गाड्या अडखळू नयेत म्हणून कुणीतरी केसिंग जमिनीलगत कापला आणि वर एक लोखंडी जाळी टाकली. प्लंबरने जाळी उचलली तेव्हा केसिंगच्या तोंडावर गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता, तोही कुजलेला. त्यावर गाड्या धुतल्याच्या साबणाची पांढरी रेघ. बाजूलाच चार पावलांवर ड्रेनेजचं चेंबर, मुसळधार पावसात तुंबून वाहणारं. आम्ही दोन महिने ते पाणी पीत होतो.

विहीर असेल तर कट्टा, कठड्याच्या आतल्या बाजूने ओघळाच्या खुणा, चिरांमधून झिरपणारं पाणी, वरची जाळी आणि पोहरा जमिनीवर टेकतो का ते पाहा. गावठाणातल्या कित्येक विहिरींवर अजून निर्माल्य टाकायची सवय आहे. श्रद्धेचा भाग वेगळा, पण ते पाणी पिण्याचं नाही.

इमारतीच्या आतही एक चक्कर हवी. बोअरची लाइन आणि कॉर्पोरेशनची लाइन कुठे जोडली गेली आहे का? फ्लशिंगसाठी वेगळी लाइन असेल तर 'तात्पुरता' म्हणून टाकलेला जोड आणि न चालणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हमखास सापडतो. बोअर शुद्ध असून टाकी घाण, असंही होतं.

इथे आधी काय होतं?

दुसरी पायरी म्हणजे जमिनीचा इतिहास. ही आपल्या भागात टाळता येत नाही, कारण इथली जमीन दोन पिढ्यांत ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. गावठाणातल्या एखाद्या आजोबांना विचारा: टॉवरच्या जागी आधी काय होतं? भातशेती, खाजण, मिठागर, दगडाची खाण, की कारखाना?

खाजण किंवा मिठागर असेल तर प्रश्न खाडीचा. सिडकोची स्थापना १९७० ची. तिने वसवलेल्या नवी मुंबईचा बराच भाग खाडीकिनारी भराव घालून उभा राहिला. वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या खाडीलगतच्या सेक्टरांत बोअरचं पाणी मचूळ लागलं तर नवल नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. तुमच्या बोअरचं मूळ क्लोराइड ४० असेल आणि त्यात फक्त २ टक्के समुद्राचं पाणी मिसळलं, तर आकडा ४२० च्या आसपास जातो. २५० ची इष्ट मर्यादा ओलांडली. शंभरात पाच भाग मिसळले की जवळपास १,०००, म्हणजे दुसरा पर्याय नसताना सहन करायची शेवटची मर्यादा. आणि पंप जितका जास्त चालेल तितकी खाडी आत ओढली जाते. मे महिन्यात बोअर रात्रंदिवस चालवणाऱ्या सोसायट्या स्वतःच्या हाताने ते पाणी खारट करतात.

कारखाना असेल तर गोष्ट गंभीर. ठाण्यात वागळे इस्टेट, कोलशेत-बाळकूम, नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्टीतली टीटीसी औद्योगिक वसाहत, पलीकडे तळोजा. कोलशेतकडच्या कित्येक रासायनिक कारखान्यांच्या जागी आता क्लबहाउसवाले टॉवर आहेत. कारखाना गेला, पण जमिनीत मुरलेलं सगळं त्याच्यासोबत गेलं असं धरून चालू नका. अशा जागेवर नेहमीच्या चाचण्या पुरत नाहीत. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, फिनॉल, खनिज तेल आणि उडनशील सेंद्रिय रसायनं यांची चाचणी वेगळी मागावी लागते. प्रयोगशाळा आपणहून ती करत नाही.

कचऱ्याच्या जागेजवळ, म्हणजे तुर्भे किंवा दिव्याकडे, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी हा प्रश्न. तिथे अमोनिया, क्लोराइड आणि जड धातू पाहायचे. जुन्या दगडखाणी कशाने भरल्या आहेत हेही विचारा. भातशेती असेल तर त्यातल्या त्यात बरं, कारण खत-फवारणीची घाण घर बांधल्यावर निदान नव्याने पडत नाही.

टँकरचं पाणी घेत असाल तर हाच प्रश्न टँकरवाल्याला: पाणी भरता कुठे? फिलिंग पॉइंटचं नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याचं पाणी फ्लशिंगला ठेवा.

ग्लास, चहा आणि एक छोटी बाटली

तिसरी पायरी घरात. काचेचा ग्लास भरून पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. पंपातून काढताना नितळ असलेलं पाणी तासा-दोन तासांत पिवळसर-तांबूस झालं तर लोह आहे. हवेतला ऑक्सिजन लागला की ते गंजतं. त्याच पाण्याचा चहा काळपट होतो, आणि आमच्याकडे ही तक्रार पाण्याआधी चहापत्तीवर गेली होती. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, म्हणजे पाणी जड आहे. त्याचा त्रास भांड्यांना आणि गीझरला जास्त, माणसाला कमी.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर घाबरण्याआधी काडीने तो मोडा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर लोहजीवाणूंचा थर असतो. काडी काढताच पुन्हा एकत्र आला तर तेल आहे, आणि मग ते पाणी त्या क्षणापासून बंद.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. खाडीच्या चिखलावर भराव घातलेल्या जागी तो नैसर्गिकही असू शकतो. पेट्रोल, थिनर किंवा औषधाचा वास आला तर मात्र चव घेऊन पाहू नका. एरवीसुद्धा अनोळखी पाण्याची चव घ्यायची गरज नाही. गोड लागणाऱ्या पाण्यातच सगळ्यात जास्त नायट्रेट सापडलेलं मी पाहिलंय.

जंतूंची प्राथमिक चाचणी घरी होते. एच-टू-एस व्हायल नावाची छोटी बाटली मिळते, आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ३० ते ३७ अंश तापमानात ठेवायचं. ठाण्यात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, स्वयंपाकघरातलं कपाट पुरतं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. काळं पडलं नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, आणि ज्या पाण्याला आधीच सडक्या अंड्याचा वास आहे ते जंतू नसतानाही काळं पडू शकतं. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंगचं पाणी ओतून तासभर ठेवा, मग टाका. तिच्यात तुम्ही स्वतःच जंतू वाढवलेले असतात.

नमुना: इथे अर्धे रिपोर्ट बिघडतात

आता प्रयोगशाळा. आरोग्य खात्याची जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा, किंवा खासगी. खासगी असेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का एवढंच पाहू नका. तुम्हाला हव्या त्या चाचणीसाठी ती आहे का ते विचारा. आरओ मशिन विकणाऱ्याने फुकट करून दिलेली 'टेस्ट' मी मोजत नाही. दोन तारा बुडवून पाणी काळं-हिरवं करून दाखवतात तो खेळ आहे. रंग इलेक्ट्रोडच्या लोखंडाचा असतो.

नमुने दोन ठिकाणांहून घ्या: एक थेट बोअरच्या तोंडाशी, टाकीत जाण्याआधी, आणि एक घरातल्या नळाचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा घाण निघाला तर दोष टाकीत किंवा पाइपात. एकच नमुना घेतला तर हे कधीच कळत नाही.

पंप आधी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, म्हणजे केसिंगमध्ये साचलेलं शिळं पाणी निघून खडकातलं ताजं पाणी येईल. जंतूंच्या नमुन्यासाठी बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली. नळाला जाळी किंवा रबरी तोंड असेल तर काढा, नळाचं तोंड स्पिरिटने पुसा किंवा धातूचं असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. मग झाकण उघडा, झाकण खाली ठेवू नका, आत बोट लावू नका, बाटली विसळू नका. बाटलीत पांढरी पूड किंवा थेंबभर द्रव दिसला तर तो सोडियम थायोसल्फेट असतो, क्लोरीन मारण्यासाठी घातलेला. आमच्या प्लंबरने तो कचरा समजून धुऊन टाकला होता. बाटली काठोकाठ भरू नका, थोडी हवा राहू द्या. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि सहा तासांत पोचवा. फारच झालं तर चोवीस. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी दिला तर रिपोर्टात तुमच्या बोअरची नाही, तुमच्या रविवारची गोष्ट येते.

रासायनिक चाचणीचं उलट. एक-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळायचा आणि काठोकाठ भरायचा. जड धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात प्रयोगशाळा नायट्रिक आम्ल घालून देते, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि रिपोर्ट खोटाच 'चांगला' येतो. उडनशील रसायनांसाठी काचेची लहान बाटली, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि गेल्या चोवीस तासांत पाऊस झाला का, हे लिहा.

रिपोर्ट वाचताना

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १०५००, सध्या लागू असलेली आवृत्ती २०१२ ची. त्यात दोन रकाने असतात: इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. काही घटकांना दुसरा रकाना नाहीच, आणि वाचायला सुरुवात तिथूनच करायची.

सर्वात आधी ई-कोलाय आणि कोलिफॉर्म (ई-कोलाय ज्या मोठ्या गटात मोडतात ते जंतू): १०० मिलिलिटरमध्ये शून्य. 'अॅब्सेंट' किंवा 'नॉट डिटेक्टेड' हवं. 'दोनपेक्षा कमी' असं लिहिलं असेल तर ते एमपीएन, म्हणजे जंतूंची संख्या अंदाजाने काढायच्या पद्धतीतलं शून्य असतं, घाबरू नका. फक्त कोलिफॉर्म सापडले आणि ई-कोलाय नाहीत, तर वरचं पाणी कुठूनतरी आत येतंय. ई-कोलाय सापडले तर माणसाची किंवा जनावराची विष्ठा, तीही अलीकडची.

मग नायट्रेट, मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, सवलत नाही. हा मला रिपोर्टातला चुगलखोर वाटतो. काळ्या पाषाणातून नायट्रेट येत नाही. शहरातल्या बोअरमध्ये २५-३० दिसलं, मर्यादेच्या आत असलं, तरी सांडपाण्याशी नातं जुळलेलं आहे असं धरा, त्या दिवशी जंतू सापडलेले नसले तरी. एक सापळा: काही प्रयोगशाळा 'नायट्रेट-नायट्रोजन' लिहितात. तिथे १० म्हणजेच नायट्रेटचे सुमारे ४४. आकडा १२ बघून खूश होऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी जास्त नायट्रेट घातक, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. दुधाची पावडर कालवायला हे पाणी वापरायचं नाही.

शिसं ०.०१ आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. इथे 'बीडीएल' असं लिहून येतं, म्हणजे यंत्राच्या पकडीच्या खाली. ती पकड किती हे त्याच ओळीत शोधा. पकडच ०.०५ ची असेल तर ०.०१ च्या मर्यादेबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

बाकीचे जरा भराभर. पीएच ६.५ ते ८.५. टीडीएस ५००, नाइलाजाने २,०००. क्लोराइड २५० आणि १,०००. एकूण काठिण्य २०० आणि ६००. सल्फेट २०० आणि ४००. फ्लोराइड १ आणि १.५, यवतमाळ-चंद्रपूरकडे याची मोठी काळजी करावी लागते, आपल्याकडे एकदा पाहून घ्यावं. गढूळपणा १ आणि ५ एनटीयू. लोहाची मर्यादा मूळ मानकात ०.३ होती, नंतरच्या दुरुस्तीत १ झाली, म्हणून वेगवेगळ्या रिपोर्टांवर दोन्ही छापलेल्या दिसतात.

रिपोर्ट खरा आहे का हेही तपासता येतं, आणि मला यात मजा येते. कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करा. ती एकूण काठिण्याच्या जवळ यायला हवी. कॅल्शियम ६० आणि मॅग्नेशियम २४ असेल तर १५० अधिक ९८, म्हणजे २४८. रिपोर्टात काठिण्य ४०० असेल तर फोन करा. तसंच विद्युतवाहकता गुणिले ०.५५ ते ०.७ म्हणजे टीडीएस. एका रिपोर्टात वाहकता ५०० आणि टीडीएस ६८० बघून मी फोन केला होता. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचे आकडे एका कागदावर आले होते.

निकाल लागल्यावर

जंतू सापडले तर त्याच दिवसापासून सगळ्या घरांत पिण्याचं पाणी उकळून. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पण फक्त नायट्रेट, क्षार किंवा धातू जास्त असतील तर उकळू नका. वाफ जाते, घाण मागे राहते आणि घट्ट होते.

आधी वाट बुजवा, मग औषध घाला. आम्ही केसिंगला दोन फुटांचा तुकडा वेल्ड करून वर घेतला, भोवती ओटा बांधला, चेंबरची गळती काढली. त्यानंतर बोअरचं क्लोरिनेशन. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावतं. पाण्याचा स्तंभ ६० मीटर असेल तर साधारण १,२८० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन हवं असेल, आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी, ३३ टक्क्यांची असेल, तर जेमतेम ४०० ग्रॅम लागते. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, फक्त वरची निवळ ओता. गाळ बोअरमध्ये गेला तर पंपाचं नुकसान. पंप चालवून बोअरच्या नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी खेळवा, बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत ड्रेनेजमध्ये सोडून द्या. झाडांना नाही, तलावात तर मुळीच नाही. पावडर हाताळताना हातमोजे, गॉगल आणि उघडी जागा. अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर जवळपासही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

रोजच्या वापरातल्या विहिरीचा डोस वेगळा आणि बराच कमी. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, इतके घनमीटर. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, तर २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, एकूण ७० ग्रॅम. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन आहे का दाखवणाऱ्या) द्रावणाचे थेंब घातल्यावर पाणी पिवळं झालं पाहिजे, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. रंग आलाच नाही तर पाणी घाण आहे, डोस वाढवा. पावडरची गोणी उघडी पडलेली असेल तर तिच्यात क्लोरीन कमी आणि चुनाच जास्त राहिलेला असतो.

आठवड्याने पुन्हा नमुना, महिन्याने आणखी एक. दोन्ही स्वच्छ आले तरच वाट बुजली म्हणायची. पुन्हा जंतू आले तर भेगेतून येत आहेत, आणि दर महिन्याला पावडर ओतत बसण्यात अर्थ नाही. ते बोअर फ्लशिंगला आणि बागेला.

नायट्रेट आणि खारटपणा आरओने कमी होतो, पण कमी होतोय का हे मशिनच्या नळाचं पाणी तपासूनच कळतं, आणि तिथून निघणारं खारं पाणी पुन्हा त्याच जमिनीत मुरवू नका. लोहासाठी हवा खेळवणं आणि फिल्टर पुरतो. जड धातू, फिनॉल किंवा पेट्रोलसारखं काही सापडलं तर घरगुती मशिनवर जुगार खेळू नका. पिण्याची लाइन तोडा आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा.

पुन्हा कधी

एक स्वच्छ रिपोर्ट म्हणजे त्या दिवसाचं पाणी स्वच्छ. ठाण्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि बोअर मेमध्ये एक असतं, जुलैमध्ये दुसरं. रासायनिक चाचणी वर्षातून दोनदा: मेअखेर, पाणी सगळ्यात घट्ट असताना, आणि ऑक्टोबरमध्ये. जंतूंची पहिली चाचणी पावसाची पहिली मोठी झोड येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांत, मग पावसाळाभर दर महिन्याला. पाणी बोअरभोवती तुंबलं, शेजारी खोदकाम झालं, पंप बाहेर काढून बसवला, बाजूच्या प्लॉटवर नवं बोअर मारलं, तर तारखेची वाट पाहू नका.

आमच्या पंपरूममध्ये आता दोन व्हॉल्व्ह आहेत, एक निळा आणि एक लाल. लाल बोअरचा, तो फक्त फ्लशिंगच्या टाकीकडे जातो. शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे, त्यात दर रविवारी टीडीएसचा आकडा वॉचमन लिहितो. गेल्या रविवारी ३४०.